ओमानला पहिल्यांदा जाताना: सहल आखण्याची रीत

दुबईची सहल एका हॉटेलात मुक्काम ठेवून आणि टॅक्सीने फिरून पुरी करता येते. ओमानची तशी होत नाही. राजधानी मस्कत समुद्र आणि उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत पसरलेली आहे आणि ज्यासाठी या देशात जायचे, ते किल्ले, उंच पठारे, वाळूच्या टेकड्या, पाण्याच्या घळी आणि कासवांचे किनारे शहरापासून दीडशे-दोनशे किलोमीटरांवर निरनिराळ्या दिशांना विखुरलेले आहेत. म्हणून ही सहल आखताना दोन प्रश्न सर्वांत आधी सोडवावेत: कोणत्या महिन्यात जायचे आणि तिथे रस्त्याने कसे फिरायचे. बहुतेक नवखे प्रवासी नेमके उलट करतात. आधी विमानाचे स्वस्त तिकीट काढतात, मग प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात आणि ती यादी हातात आलेल्या दिवसांत कोंबण्याचा प्रयत्न करतात.

पहिली पायरी: महिना ठरवणे

महाराष्ट्रातील शाळांची मोठी सुट्टी एप्रिलअखेरीस सुरू होऊन जूनपर्यंत चालते आणि ओमानच्या वाळवंटासाठी वर्षातला हाच काळ सर्वांत वाईट असतो. मे आणि जूनमध्ये मस्कतचे दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, त्यात किनाऱ्यावरची दमट हवा भर घालते आणि रात्रही सुटका करत नाही. जून २०१८ मध्ये मस्कतच्या दक्षिणेकडील कुरय्यात या किनारी गावात अख्ख्या दिवस-रात्रीत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही, अशी नोंद झाली होती. मुलांना आणि ज्येष्ठांना घेऊन या दिवसांत जाणे म्हणजे हॉटेलची खोली आणि वातानुकूलित मॉल यांच्यामध्ये फेऱ्या मारणे होय, आणि त्यासाठी ओमान गाठण्याची गरज नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात येत असेल, तर ती या सहलीला उत्तम. ऑक्टोबरात येत असेल तर दुपारचे ऊन थोडे सोसावे लागते, पण फिरता येते. नाताळचा आठवडा हवेच्या दृष्टीने सर्वांत सुखद असतो, मात्र त्या दिवसांत युरोपातील पर्यटकांची गर्दी असल्याने वाळवंटातील तंबूंचे मुक्काम फार आधी भरतात आणि दरही चढतात. हिवाळ्यात सूर्य साडेपाच-सहाच्या सुमारास मावळतो, हे दिवसाची आखणी करताना ध्यानात ठेवावे. शिवाय वाळवंटात रात्री गारठा पडतो आणि डोंगरावर तर चांगलीच थंडी वाजते, त्यामुळे "आखातात कसले स्वेटर" असे म्हणून ते घरी ठेवू नयेत.

हिवाळ्याच्या तारखा ठरवताना रमजान केव्हा आहे तेही पाहावे. हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि येती काही वर्षे तो ऐन हिवाळ्यात येणार आहे. त्या काळात दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे कायद्याने वर्ज्य असते, बरीच उपाहारगृहे सूर्यास्तापर्यंत बंद राहतात आणि किल्ले व संग्रहालयांच्या वेळा आखडतात. संध्याकाळनंतर बाजार मात्र उशिरापर्यंत फुललेले असतात, त्यामुळे लहान मुले बरोबर नसतील तर रमजानातली सहलही वेगळ्या तऱ्हेने रंगू शकते.

जून ते सप्टेंबर या काळात ओमानचा एकच भाग हिरवा असतो, तो म्हणजे दक्षिणेकडील धोफर प्रांत आणि त्याचे मुख्य शहर सलाला. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे धोफरच्या डोंगरांनाही स्पर्शून जातात. तिथे महिनोन्‌महिने धुके आणि भुरभुर चालते, उतार हिरवेगार होतात आणि सगळ्या आखातातून लोक तो ओलावा अनुभवायला येतात. या हंगामाला तिथे खरीफ म्हणतात. मात्र ज्याने आंबोलीचा किंवा माळशेजचा पावसाळा पाहिला आहे, त्याने केवळ धुक्यासाठी सलाला गाठावे असे मला वाटत नाही. लोबानाची झाडे आणि समहरमसारख्या प्राचीन बंदरांचे अवशेष पाहण्यासाठी सलाला जरूर करावे, पण तेही हिवाळ्यात आणि हाताशी तीन दिवस जास्तीचे असतील तरच, कारण मस्कतहून ते सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. विमानाने जाणे शहाणपणाचे. बसने जवळजवळ बारा तास जातात.

दुसरी पायरी: कागदपत्रे

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी. ओमानचा व्हिसा ऑनलाइन मिळतो आणि तो देणारी यंत्रणा म्हणजे रॉयल ओमान पोलीस. त्यांच्या अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी, जास्त पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळेही असतात, तेव्हा पत्ता नीट तपासूनच माहिती भरावी. ज्या भारतीयांकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा आहे, त्यांना काही अटींवर सवलत मिळते, तर इतरांना आपल्याला लागू असलेला प्रकार निवडून अर्ज करावा लागतो किंवा ओमानमधील परवानाधारक पर्यटन कंपनीमार्फत तो करवून घ्यावा लागतो. या अटी बदलत असतात, म्हणून एखाद्या नातेवाइकाच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नये. परतीचे तिकीट आणि हॉटेलांची आरक्षणे छापून जवळ ठेवावीत.

घरातील ज्येष्ठांचे पासपोर्ट एकदा उघडून पाहावेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर अनेकदा परदेशी नोकरीसाठी पूर्वपरवानगी आवश्यक असल्याची, म्हणजे ईसीआरची, नोंद असते आणि ओमान हा त्या नियमातील देशांपैकी एक आहे. ही परवानगी नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते, पर्यटकांना नाही. तरीही मुंबई विमानतळावर अशा प्रवाशाला अधिक प्रश्न विचारले जाऊ शकतात. आजी-आजोबांना रांगेत एकटे उभे न करता कुटुंबाने एकत्र राहावे आणि त्यांचा व्हिसा, परतीचे तिकीट व मुक्कामाची कागदपत्रे त्यांच्याच हातात द्यावीत.

स्वतः गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्यावा. तो आपल्या आरटीओतून मिळतो, एक वर्ष चालतो आणि त्यासाठी मूळ परवाना, पासपोर्ट व व्हिसा दाखवावा लागतो. म्हणजे आधी व्हिसा आणि मग परवाना असा क्रम लावून त्यासाठी आठवडाभर हाताशी ठेवावा. वैद्यकीय खर्चाचा समावेश असलेला प्रवासविमा टाळू नये.

सामानाबाबत एक गोष्ट मराठी घरांना आवर्जून सांगावी लागते. आखातातील अनेक देशांत खसखस अमली पदार्थांच्या यादीत मोडते आणि दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्या कुटुंबाच्या डब्यात खसखस लावलेले अनारसे असण्याची शक्यता दाट असते. विमान आखातातल्या दुसऱ्या एखाद्या शहरात बदलणार असेल, तर धोका आणखी वाढतो. चिवडा, चकल्या, शंकरपाळे न्यावेत. अनारसे आणि खसखस घातलेले मसाले घरी ठेवावेत. खोकल्याच्या किंवा तीव्र वेदनाशामक औषधांत कोडीन अथवा ट्रामाडोल असेल, तर आधी नियम तपासावेत आणि नेहमीची औषधेही मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. गुटखा आणि तंबाखूच्या पुड्या नेऊच नयेत.

तिसरी पायरी: गाडी

मस्कत शहरापुरते मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी आणि मवासलात कंपनीच्या लाल बसगाड्या पुरतात. निझवा आणि सूर या शहरांनाही बस जाते. परंतु बस शहराच्या स्थानकावर सोडते आणि वादी, म्हणजे डोंगरातील ओढ्यांची पात्रे, किंवा वाळवंट तिथून पुष्कळ आत असते. त्यामुळे गाडी भाड्याने घेणे किंवा चालकासह गाडी ठरवणे, हेच दोन व्यवहार्य मार्ग उरतात.

ओमानमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात आणि स्टिअरिंग डावीकडे असते. रस्ते रुंद, गुळगुळीत आणि बहुधा मोकळे असल्याने एक-दोन तासांत सवय होते. अडचण येते ती चौकातल्या वर्तुळांत, कारण तिथे आत फिरणाऱ्या गाडीचा हक्क पहिला असतो आणि आपली नजर सवयीने उजवीकडे जाते. महामार्गावरील वेगमर्यादा साधारण ताशी १२० किलोमीटर असते, कॅमेरे जागोजागी असतात आणि दंडाची रक्कम भाड्याच्या कंपनीमार्फत वसूल होते. विमानतळावरून उतरल्या उतरल्या रात्री गाडी ताब्यात घेण्याऐवजी पहिले दोन दिवस टॅक्सीने काढावेत आणि मस्कत सोडायच्या सकाळी गाडी घ्यावी. भाडे वाचते आणि पहिला सराव दिवसाउजेडी होतो. गाडी घेताना चारही बाजूंनी चित्रफीत काढून ठेवावी.

साधी गाडी घ्यावी की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, हा नेहमीचा प्रश्न. मस्कत, निझवा, वाळवंटाच्या कडेचे बिदिया, सूर आणि परत मस्कत हे मुख्य वर्तुळ साध्या गाडीने पूर्ण होते. जबल अख्दर या पठारावर जायचे असेल तर मात्र फोर बाय फोर सक्तीची आहे. बिरकत अल मौझ या गावाच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी असते आणि तिथून साधी गाडी परत पाठवतात. रस्ता चांगला डांबरी आहे, पण उतार इतका तीव्र आहे की ब्रेक तापून अपघात होतात, म्हणून हा नियम. एका दिवसासाठी महाग गाडी आठवडाभर बाळगण्यापेक्षा तेवढ्यापुरती चालकासह गाडी पायथ्याशी किंवा निझव्यात ठरवावी. वाळूत स्वतः गाडी घालण्याचा मोह नवख्याने टाळावा. टायरांतील हवा बरीच कमी करून, वेग न मोडता चालवण्याचे ते कसब आहे. तंबूंचे चालक मुख्य रस्त्यावरून पाहुण्यांना घेऊन जातात.

दोन धोके मात्र खरे आहेत. रात्री शहराबाहेर उंट रस्त्यावर येतात आणि अंधारात ते अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे. दुसरा धोका पाण्याचा. आकाश निरभ्र असताना दूरच्या डोंगरात झालेल्या पावसाने कोरडी वादी काही मिनिटांत दुथडी भरून वाहू लागते. एप्रिल २०२४ मध्ये अशाच पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले. वाहत्या वादीत गाडी घालणे हा तिथे गुन्हा आहे. पावसाचा इशारा असेल तर त्या दिवशी वादीचा बेत रद्द करावा. मनात शंका ठेवून अर्ध्यावर जाऊ नये. तातडीच्या मदतीसाठी ९९९९ हा क्रमांक आहे.

चौथी पायरी: मार्ग आखणे

सहा रात्री असतील तर मस्कतमध्ये दोन, निझव्यात दोन, वाळवंटात एक आणि सूरमध्ये एक अशी विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. पाचच रात्री असतील तर सूरचा मुक्काम गाळावा. निझव्याचा गाळू नये.

मस्कतमध्ये सुलतान काबूस भव्य मशिदीसाठी सकाळ राखून ठेवावी. २००१ मध्ये खुली झालेली ही मशीद मुस्लिमेतर पर्यटकांना शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकरा या वेळेतच पाहता येते. शुक्रवारी प्रवेश नसतो. स्त्रियांनी केस, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकलेले असावेत, पुरुषांनी पूर्ण विजार घालावी. सैलसर सलवार-कमीज आणि मोठी ओढणी असेल तर दारावर अबाया भाड्याने घ्यावा लागत नाही. साडी नेसल्यास पोट आणि हात झाकले जातील असे पाहावे. मुख्य दालनातील इराणी विणकर स्त्रियांनी विणलेला प्रचंड गालिचा आणि त्यावरचे झुंबर पाहण्यासाठी तासभर सहज जातो. दुपारी राष्ट्रीय संग्रहालय पाहावे, तिथून राजवाड्याच्या बाहेरील चौक आणि पोर्तुगीज काळातील जलाली व मिरानी हे दोन किल्ले बाहेरून दिसतात. जवळच मोतीश्वर महादेवाचे जुने मंदिर आहे. गुजरातहून, विशेषतः कच्छहून, आलेल्या व्यापाऱ्यांचा मस्कतमधील वावर किती जुना आहे, याची ती खूण आहे. मत्रहच्या बाजारात संध्याकाळी जावे, कारण दुपारी दुकाने बंद असतात. तिथे घासाघीस चालते आणि बहुतेक दुकानदारांना हिंदी येते.

निझवा मस्कतहून सुमारे १६० किलोमीटरांवर आहे. ते अशा रीतीने गाठावे की शुक्रवारची सकाळ तिथे मिळेल, कारण त्या दिवशी उजाडताच किल्ल्याशेजारी गुरांचा बाजार भरतो. विक्रेते शेळ्या-बोकडांना दोरीने धरून वर्तुळात फिरवतात आणि कडेला बसलेले गिऱ्हाईक मध्येच थांबवून भाव करते. नऊनंतर सगळे पांगते. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ याने बांधलेल्या किल्ल्याचा गोल बुरूज पाहताना जिन्यातील दरवाजांच्या वरची भोके नीट पाहावीत. खजुराचा उकळता पाक शत्रूवर ओतण्यासाठी ती ठेवलेली होती. जवळच्या बहला किल्ल्याला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण वेळ कमी असेल तर तो बाहेरून पाहून पुढे गेले तरी चालते.

खरा वेळ द्यावा तो फलजला. डोंगराच्या पोटातले पाणी उताराच्या आधाराने, कोणताही पंप न लावता, गावापर्यंत आणि खजुराच्या बागांपर्यंत नेणाऱ्या या कालव्यांपैकी पाच कालवे २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि त्यातला फलज दारिस निझव्यातच आहे. पाण्याच्या पाळ्या वेळेनुसार वाटून घेण्याची तिथली शिस्त पाहिली की खानदेशातील फड पद्धत आठवते. बिरकत अल मौझच्या खजूरबागेतून सकाळी पायी चालत गेल्यास हे पाणी वळणावळणाने सोबत करते.

दुसऱ्या दिवशी जबल अख्दर किंवा जबल शम्स यांपैकी एकच निवडावे. दोन्ही एका दिवसात बसवणारे कार्यक्रम छापील पत्रकात दिसतात, पण त्यात दिवस गाडीतच जातो. मार्च-एप्रिलमध्ये अख्दरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत गुलाब फुललेले असतात, तेव्हा तिकडे जावे. इतर वेळी जबल शम्सच्या कड्यावरून दिसणारी खोल दरी अधिक मनात भरते. तिथे कठड्याविना कडे आहेत, म्हणून मुलांचा हात सोडू नये.

निझव्याहून बिदियाला दोन-अडीच तासांत पोहोचता येते आणि तिथून शर्किया वाळवंट सुरू होते. तंबूत मुक्काम एकच रात्र ठेवावा. दुपारी तीन-चारच्या सुमारास पोहोचावे, सूर्यास्ताला टेकडीवर चढावे, रात्री तारे पाहावेत आणि सकाळी न्याहारी करून निघावे. आरक्षण करताना शौचालय तंबूला लागून आहे की सामाईक, आणि शाकाहारी जेवणात भात व कोशिंबिरीपलीकडे काय मिळेल, हे दोन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत. मणक्याचा त्रास असलेल्यांनी टेकड्यांवरून गाडी उडवण्याचा खेळ टाळावा.

सूरच्या वाटेवर वादी बनी खालिद लागते. गाडीतळापासून थोडे चालले की हिरव्या पाण्याचे डोह दिसतात, त्यामुळे ज्येष्ठांसाठी ती सर्वांत योग्य. सूर ते मस्कत या किनारी रस्त्यावरील वादी शाब अधिक देखणी आहे, पण तिथे होडीने पात्र ओलांडून पाऊणएक तास खडकांतून चालावे लागते आणि पुढचा भाग पोहूनच गाठता येतो. पोहताना अंगभर कपडे असावेत. सूरमध्ये लाकडी गलबते बांधण्याचा कारखाना पाहण्यासारखा आहे. रास अल जिंझ येथे हिरवी कासवे अंडी घालायला येतात. तिथे रात्री किंवा पहाटे वाटाड्याबरोबरच जाता येते आणि नोंदणी आधी करावी लागते. त्यांचा मुख्य हंगाम उन्हाळ्यात असल्याने हिवाळ्यात कासव दिसेलच अशी आशा मुलांना लावून ठेवू नये.

पाचवी पायरी: पैसे, जेवण, फोन

ओमानी रियाल एक हजार बैसांचा असतो, म्हणून किमती तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेल्या दिसतात. एक रियाल दोनशे रुपयांहून बराच महाग असल्याने "अवघे पाच" असे वाटून खर्च हाताबाहेर जातो. पहिले दोन दिवस प्रत्येक किमतीचे रुपये मनात करावेत. गंमत म्हणजे रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी काढलेला वेगळा रुपया ओमानमध्ये १९७० पर्यंत चलनात होता. आता मात्र रुपये खिशात उपयोगाचे नाहीत. हॉटेल आणि पेट्रोलपंपावर कार्ड चालते, होडीवाला, चहाची टपरी आणि बाजार यांसाठी सुटे रियाल लागतात. सर्वांत मोठा खर्च गाडीचा आणि वाळवंटातल्या रात्रीचा असतो. पेट्रोल आपल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. इथल्या पर्यटन कंपनीकडून पूर्ण सहल विकत घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपावी.

मस्कतच्या रुवी आणि दारसैत भागांत गुजराती, उडुपी आणि केरळी जेवण सहज मिळते. डोंगरात आणि वाळवंटात शाकाहारी माणसाची भिस्त रोटी, डाळ, हम्मस आणि खजुरावर असते, त्यामुळे मस्कत सोडताना फळे, दही आणि पाण्याच्या बाटल्या गाडीत भराव्यात. मांसाहारी असाल तर मिश्काक म्हणजे कोळशावरचे मांसाचे तुकडे चुकवू नयेत. खजुराबरोबर बिनदुधाची, वेलदोड्याच्या वासाची कहवा दिली जाते. पेला उजव्या हाताने घ्यावा, आणि पुरे झाल्यावर तो हलकेच हलवून परत द्यावा, नाहीतर यजमान भरतच राहतात.

स्थानिक सिम विमानतळावरच घ्यावे. व्हॉट्सॲपवरचे संदेश जातात, पण त्यावरून थेट बोलणे नेहमी जमेलच असे नाही, तेव्हा घरच्यांना तशी कल्पना द्यावी. डोंगरात नकाशा उघडत नाही, म्हणून तो आधीच उतरवून घ्यावा. घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे असते.

शेवटच्या दिवशी लवकर निघून उरलेला वेळ मस्कतमध्येच घालवावा, कारण सूरहून थेट विमानतळ गाठण्याच्या बेतात एखादा अडलेला रस्ताही महागात पडतो. लोबान घ्यायचा असेल तर हिरवट-पांढऱ्या, स्वच्छ खड्यांचा घ्यावा. हलक्या प्रतीचा माल तपकिरी असतो. ओमानी हलवा मऊ आणि चिकट असल्यामुळे तो हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सामानातच घालावा, नाहीतर सुरक्षा तपासणीत डबा तिथेच राहण्याची शक्यता असते. उरलेल्या नोटा तिथेच बदलून घ्याव्यात आणि बैसांची नाणी विमानतळावरच्या चहात संपवावीत, कारण ती मुंबईत कोणी घेत नाही.